'हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा' म्हणजे नेमकं कुठे जा?

पोलीस ठाण्याच्या बाकावर तासभर बसल्यावर ठाणे अंमलदार मान वर न करता सांगतो, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." भावाने जमीन परस्पर विकायला काढलीय, भाडेकरू खोली सोडत नाही, उसने दिलेले दोन लाख परत मिळत नाहीत, शेजाऱ्याने भिंत हातभर आत घेतलीय. सगळ्यांना उत्तर एकच. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला हाकलून दिलं. कधी ते खरंही असतं. सही बनावट असेल, मारहाण झाली असेल, सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा असेल, तर तो गुन्हाही आहे आणि त्याची तक्रार पोलिसांनी घ्यायलाच हवी. पण पुष्कळदा अंमलदाराचं बरोबर असतं, फक्त तो अर्धंच सांगतो. कोर्ट म्हणजे कुठलं, तिथे कोणाला भेटायचं, पैसे किती लागतात, हे विचारायच्या आत त्याचा फोन वाजतो.

घरी आलं की कुणीतरी वडीलधारं ती जुनी म्हण ऐकवतं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पायरी उंच आहे हे खरंच. पण माझ्या पाहण्यात पायरी चढून बुडालेल्यांपेक्षा, आपली पाळी कधी आली हे न कळल्यामुळे बुडालेले जास्त आहेत. म्हणून ती पायरी जरा जवळून पाहू.

एक उदाहरण धरून चालू. समजा एक बहीण आहे. वडील गेले. गावाकडच्या चार एकरांच्या सातबाऱ्यावर भावाने एकट्याचं नाव लावून घेतलं. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. आता कानावर येतंय की भाऊ जमीन प्लॉटिंगवाल्याला विकतोय.

दिवाणी म्हणजे काय?

फौजदारी खटल्यात सरकार विरुद्ध आरोपी अशी लढत असते आणि प्रश्न शिक्षेचा असतो. दिवाणी दाव्यात दोन पक्षकार समोरासमोर असतात आणि प्रश्न हक्काचा असतो. कोणाची जमीन, कोणाचे पैसे, करार कोणी मोडला, नुकसान कोणी भरायचं. दावा लावतो तो वादी आणि ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी. या सगळ्याची नियमावली म्हणजे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. तिच्या कलम ९ नुसार, एखाद्या कायद्याने स्पष्टपणे किंवा गर्भितपणे मनाई केली नसेल, तर कोणताही दिवाणी हक्काचा वाद दिवाणी न्यायालय ऐकतं. म्हणजे दार उघडंच आहे, बंद असेल तर तसं कायद्यातून दाखवावं लागतं.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवायच्या. पहिली म्हणजे तराजू. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत तराजूचं पारडं ज्याच्या बाजूने झुकलं तो जिंकतो, भले थोडंसंच झुकलेलं असो. त्यामुळे कागद नाही म्हणून सगळं संपलं असं नसतं. बँकेचा उतारा, जुनी पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, शेजाऱ्याची साक्ष, सगळ्याचं वजन पडतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दिवाणी न्यायालय स्वतःहून काही करत नाही. पोलिसांसारखं ते तपासाला निघत नाही. जे मागितलं नाही ते सहसा देत नाही, जे दाखवलं नाही ते पाहत नाही. सार्वजनिक विहिरीसारखं आहे, पाणी सगळ्यांचं, पण पोहरा ज्याचा त्याने सोडायचा.

मग आधी कोर्टच गाठायचं का?

नेहमी नाही. शेताचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, अट एवढीच की अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सातबाऱ्यावरची चुकीची नोंद दुरुस्त करायची तर महसूल खात्याकडे अपील असतं. पण फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, ही सारावसुलीसाठी असते, तिने मालकी ठरत नाही. आपल्या बहिणीने तलाठ्याकडे दहा चकरा मारल्या तरी वाटा किती हे तलाठी ठरवू शकणार नाही. ते काम दिवाणी न्यायालयाचं.

आणि तिचा हक्क पक्का आहे. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वारस आहेच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्येच, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना मुलाइतका हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना जन्माने मिळाला. त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी चालेल, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. (गोव्यातली वाचकमंडळी इथे गालात हसतील. तिथे पोर्तुगीज काळापासून वारसाहक्काचा कायदाच वेगळा आहे, आणि वाटणी 'इन्व्हेंटरी' नावाच्या वेगळ्या प्रक्रियेने होते.)

दावा लावल्यावर काय होतं?

वकील दाव्याचा मसुदा तयार करतो, कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो, दाव्याला नंबर पडतो. मग प्रतिवादीला समन्स निघतं, ते बेलीफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी, घेऊन जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर द्यायचं असतं. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं, आणि अपवादात्मक कारण असेल तर त्यापुढेही.

समन्स न घेणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी हुशारी. बेलीफ आला की मागच्या दाराने निघून जायचं, 'गावी गेलेत' असं सांगायला लावायचं. त्याने काहीही थांबत नाही. समन्स दारावर चिकटवता येतं, वर्तमानपत्रात छापता येतं, आणि मग दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूम रद्द करून घ्यायचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो, आणि गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. नावाचा कागद आला की घ्यावा, त्यावर तारीख लिहावी, आणि त्याच आठवड्यात कुणाला तरी दाखवावा.

दाव्याबरोबरच बहिणीचा वकील तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देईल. दावा संपेपर्यंत जमीन विकू नये, एवढंच मागणं. महाराष्ट्रातल्या कोर्टात या अर्जाला सर्रास 'निशाणी पाच' म्हणतात, कारण फाईलमध्ये तो बहुधा पाचव्या क्रमांकाला लागतो. दाव्याची अर्धी लढाई या पाचव्या कागदावर होते. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: प्रथमदर्शनी दम आहे का, मनाई दिली नाही तर न भरून येणारं नुकसान होईल का, आणि गैरसोय कोणाची जास्त. भावाला याची कुणकुण असेल तर तो आधीच कॅव्हेट लावून ठेवेल, म्हणजे 'माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज. तो नव्वद दिवस टिकतो.

शिवाय दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावी. म्हणजे जमीन घ्यायला येणारा उद्या 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणू शकत नाही. हा छोटासा उद्योग बरेच पक्षकार विसरतात आणि मग पाच वर्षांनी दाव्यात आणखी चार खरेदीदार प्रतिवादी म्हणून जोडत बसतात.

पुढे मुद्दे निघतात, म्हणजे वाद नेमका कशाकशाचा आहे ते न्यायाधीश लिहून काढतात. मग साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. आपला दावा मराठीत वाचायला मागा. आपल्या नावाने काय लिहिलंय हे न वाचता सही करणारा पक्षकार उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत सापडतो.

मुदत गेली तर?

उसने दिलेले पैसे साधारण तीन वर्षांत मागायला हवेत. मालकीवरून ताबा मागायचा तर बारा वर्षं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून वाटपाच्या दाव्यालाही बारा वर्षं. मुदत संपल्यावर दावा कितीही खरा असला तरी न्यायालय तो फेटाळतं. कठोर वाटतं, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या उसनवारीचा साक्षीदार आणायचा कुठून? एक पळवाट मात्र ठाऊक असावी. मुदतीच्या आत समोरच्याने 'देणं आहे' असं लेखी सहीनिशी कबूल केलं, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात. 'पुढच्या दिवाळीला देतो' हे तोंडी आश्वासन मात्र मुदत खात राहतं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत

इथे बहुतेक जण थांबतात, आणि इथेच थांबायचं कारण सर्वांत कमी आहे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ आला. पैशांअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं तो सांगतो. त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते.

मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. कायद्यातली यादी बरीच मोठी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपासारख्या आपत्तीतले पीडित, मानवी तस्करीला बळी पडलेले, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले. या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आपली बहीण शाळेत शिक्षिका असून चांगला पगार घेत असली तरी ती पात्र आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं, आणि उत्पन्नाबद्दल साधारणपणे प्रतिज्ञापत्र पुरतं.

अर्ज साध्या कागदावर चालतो. स्वतः जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. प्राधिकरण प्रथमदर्शनी दाव्यात तथ्य आहे का ते पाहतं आणि पॅनेलवरचा वकील नेमून देतं. मदतीत वकिलाशिवाय कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांचा खर्चही येऊ शकतो. हे मागावं लागतं. पोहरा आठवा.

कोर्ट फीचं आणखी एक. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत कोर्ट फी माफ केली. आपला दावा त्यात नेमका कसा बसतो ते वकिलाला आधी विचारून घ्यावं, पण विचारावंच. भावाविरुद्ध दावा लावायचा तर हजारोंचा स्टॅम्प लागेल, या धास्तीने घरी बसलेल्या बायका कमी नाहीत. आणि जो मोफत मदतीतही बसत नाही पण कोर्ट फी भरायची ऐपत नाही, त्याला संहितेतल्या तरतुदीखाली निर्धन म्हणून दावा लावायची परवानगी मागता येते.

फुकटचा वकील मन लावून काम करेल का?

प्रश्न रास्त आहे. पॅनेलवरच्या वकिलाला प्राधिकरणाकडून मिळणारं मानधन तुटपुंजं असतं, आणि सगळे वकील सारखे नसतात. काही ज्येष्ठ वकील ते सामाजिक काम म्हणून मनापासून करतात, काही जण फाईल पुढच्या तारखेला ढकलतात. पण हे पैसे देऊन केलेल्या वकिलाबद्दलही तितकंच खरं आहे, हे विसरू नये.

फरक एवढा की इथे तक्रारीला जागा आहे. नेमलेला वकील तुमच्याकडून फी मागू शकत नाही. मागितली तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. काम होत नसेल तर कारण देऊन वकील बदलून मागता येतो. मोफत मदतीतली प्रकरणं कशी चालली आहेत हे पाहण्यासाठी निरीक्षण समित्याही आहेत. त्या किती जाग्या असतात हा वेगळा विषय.

आणि वकील कुठलाही असो, आपली फाईल आपल्या घरी हवी. दावा, कैफियत, मनाईचा हुकूम, प्रत्येकाची झेरॉक्स. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्स अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. 'साहेब रजेवर होते' हे खरं होतं का, तेही.

एवढी वर्षं का लागतात?

माणसं कमी, हे पहिलं कारण. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं सुचवलं होतं. मंजूर पदांच्या हिशेबानेही आज ते प्रमाण एकविसाच्या आसपास आहे. देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत दिवाणी प्रकरणंच एक कोटीच्या वर पडून आहेत. एका दिवसाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत, शंभर प्रकरणं असली, तर पन्नासांना तारीखच मिळणार.

दुसरं कारण आपण सहसा बोलत नाही. ज्याच्या हातात जमिनीचा ताबा असतो, त्याला घाई नसते. संहितेत लिहिलंय की सुनावणीच्या टप्प्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, देऊ नये. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम खऱ्या अडचणीच्या वेळी सैल करायला जागा ठेवली, आणि त्या फटीतून पुष्कळ पाणी वाहून गेलंय. समोरचा तहकुबी मागत असेल तर आपल्या वकिलाने निदान तहकुबीच्या खर्चाची मागणी करावी. खर्च बसू लागला की आजारपणं कमी होतात, हा कोर्टाच्या आवारातला जुना अनुभव आहे.

मिटवून टाकलं तर?

बहीण-भावाच्या वादात हे खरं तर आधीच विचारायला हवं. लोकन्यायालयात तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच, म्हणजे दाव्याच्या निकालाच्या हुकमाइतकाच, पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावण्यापूर्वीही प्रकरण तिथे नेता येतं.

पण सावधान. अपील नाही, म्हणजे रडत केलेली सहीदेखील कायम राहते. 'माहेर तुटेल' या एका वाक्याने चार एकरांतला दोन एकरांचा वाटा दोन लाखांवर येतो, हे तिथल्या टेबलांवर घडतं. तडजोड झाली नाही तर काही बिघडत नाही, प्रकरण आपल्या न्यायालयात परत जातं. तेव्हा नको असेल तर नको म्हणावं.

निकाल लागला. जमीन मिळाली?

नाही. आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो.

१८७२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, एका निकालात नोंदवलं होतं की भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं उलटली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आकडे आले: देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून. दरखास्त म्हणजे जिंकलेल्याने 'आता निकालाप्रमाणे प्रत्यक्षात द्या' म्हणून केलेला अर्ज. यात सगळ्यात पुढे महाराष्ट्र, सुमारे ३ लाख ४१ हजार. म्हणजे इतक्या प्रकरणांत निकाल लागलाय, पण पदरात काही पडलेलं नाही. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितलं होतं आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. त्याचा थोडा परिणाम दिसला, पुढच्या सहा महिन्यांत ३ लाख ३८ हजारांवर दरखास्ती निकाली निघाल्या.

आपल्या बहिणीचं काय होईल? वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त 'निम्मा वाटा' एवढं ठरतं. शेतजमीन असल्यामुळे प्रत्यक्ष सरस-निरस वाटणी, म्हणजे चांगली-वाईट जमीन पाहून केलेली, संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. तिथून कागद तहसीलला, तिथून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला, मग ताबा. प्रत्येक टेबलावर तो कागद निवांत बसू शकतो. त्याला उठवायला कुणीतरी जावं लागतं. साध्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते, ती झोपेत जाऊ देऊ नये.

पैशांचा हुकूमनामा असेल तर जप्ती मागता येते. बेलीफ काय उचलू शकतो आणि काय नाही, हे कलम ६० मध्ये लिहिलंय. ते वाचताना ही संहिता लिहिणाऱ्यांबद्दल मला दरवेळी थोडा आदर वाटतो. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची शेतीची साधनं आणि गुरं यांना हात लावता येत नाही. रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारा दागिना जप्त होत नाही, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित. पैशांच्या देण्यासाठी स्त्रीला दिवाणी कैदेतही टाकता येत नाही.

समोर सरकार असेल तर? दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. फार तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवायही दावा दाखल होतो. आणि जिंकलात तर हुकूमनामा सरकारलाही लागू. भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकला म्हणून बेलीफ जिल्हाधिकारी कार्यालयात जप्तीचं वॉरंट घेऊन उभा, आणि खुर्च्या-संगणक बाहेर काढायची तयारी चाललेली, अशा बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात. बहुतेक वेळा खुर्ची दारापर्यंत पोहोचायच्या आत लेखी मुदत मागितली जाते.